अडीच वाजताचा घाट

अडीचच्या सुमाराला कर्जतच्या भिसेगावात काहीच घडत नाही, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. कोपऱ्यावरचा दुकानदार बरण्यांमागे खुर्ची तिरकी करून डोळे मिटून बसलेला असतो. एखादं पोर येतं, गल्ल्यावर नाणं ठेवतं आणि गोळी घेऊन जातं. उभ्या रिक्षांतून चालकांचे पाय बाहेर आलेले असतात. कुठल्या तरी घरात टीव्हीवर मालिका चालू असते, पण ती बघणारं माणूस केव्हाच कलंडलेलं असतं. तापलेले पत्रे मधूनच टण् करून वाजतात. आणि स्टेशनाच्या बाजूने, थोड्या थोड्या वेळाने, घाटाकडे निघालेल्या गाडीची शिट्टी ऐकू येते.

या वेळी माझ्यासमोर मुद्रितं असतात. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं घरबसल्याचं काम. सकाळी माझ्या नजरेतून ऱ्हस्वदीर्घाची चूक सहसा निसटत नाही. अडीचला मात्र तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली तरी पहिली वेलांटी कुठली आणि दुसरी कुठली याचा पत्ता लागत नाही. मग समासात पेन्सिलीची एक लांब, तिरकी रेघ उमटते. ती दिसली की कळतं, मधला थोडा वेळ आपण इथे नव्हतो. लेखकाकडे पान जाण्याआधी मी त्या रेघा खोडरबराने पुसते. कधी कधी वाटतं, राहू द्याव्यात. हे पुस्तक कुणीतरी दुपारीही वाचलं होतं, एवढी तरी नोंद राहील.

पूर्वी या रेघांवर माझ्याकडे एक उतारा होता. चहा. अडीचला एक आणि चारला एक. चारचा तर नुसता चहा नव्हता, घरातलं घड्याळच होतं ते. आधणाचा आवाज झाला की आतून कुणीतरी उठायचं, शेजारून कुणीतरी यायचं, सकाळचं वर्तमानपत्र दुसऱ्यांदा उघडलं जायचं. मग रात्रीची झोप उडाली. अकराला अंग टाकायचं आणि शेवटच्या लोकलीतून उतरलेल्या माणसांची पावलं मोजत पडायचं. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. "दुपारनंतरचा चहा बंद करा," एवढंच म्हणाले. घरी हे सांगितलं तेव्हा सगळे असे गप्प झाले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

चहा आपल्या रक्तातलाच, असं आपण धरून चालतो. पण तो आपल्या घरात शिरला त्याला फार काळ झालेला नाही. इथल्या मळ्यांतला चहा इथल्याच माणसांनी प्यावा म्हणून मळेवाल्यांनी जाणूनबुजून खटपट केली. 1903 साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वेची स्थानकं हा त्या प्रचाराचा मोठा अड्डा झाली. चहा कसा करायचा याच्या पायऱ्या देशी भाषांतून सांगणाऱ्या एनॅमलच्या पाट्या फलाटांवर लागल्या. कर्जतच्या फलाटावर उभं राहून दिवाडकरांचा वडा खाताना हे आठवलं की गंमत वाटते. आज कुणी कुणाला चहा करायला शिकवायला गेलं तर लोक त्यालाच चार गोष्टी सुनावतील.

त्याहूनही मोठी गंमत दूरची आहे. 1819 साली सत्तरीतल्या जर्मन कवी गटेकडे रुंग नावाचा एक तरुण रसायनतज्ज्ञ आला. वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते हे त्याने गटेला दाखवलं. त्यासाठी तो येनाच्या रस्त्यातून मांजर घेऊन गेला होता म्हणतात. कवी खूश झाला आणि त्याने रुंगच्या हातावर कॉफीच्या दुर्मीळ बियांची डबी ठेवली. यातही काही असेल तर बघ, म्हणाला. त्या बियांतून रुंगने कॅफीन वेगळं काढलं, चहातही असतं तेच. एका कवीने दिलेल्या बिया, एका मांजराची बाहुली आणि माझी उडालेली झोप यांचा असा धागा लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॅफीन करतं काय, तर थोडी लबाडी. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर बसलं की झोप येऊ लागते. कॅफीन आधी येऊन त्या जागा अडवतं. थकवा कुठे गेलेला नसतो. त्याला बसायला जागा नसते, इतकंच. बाहेर ताटकळत तो वाढतच राहतो. आणि कॅफीन लवकर उठतही नाही. सर्वसाधारण माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला पाचेक तास लागतात. चारला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री नऊला अंगात असतं, आणि पाव हिस्सा पहाटे दोनला.

हे मी शेजारच्या काकांना सांगितलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीचा मोठा काळ त्यांनी घाटातल्या इंजिनांवर काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बँकर. पण सोडायचा राहिलेला."

कर्जतच्या माणसाला बँकर समजावून सांगावा लागत नाही. इथून लोणावळा जेमतेम 28 किलोमीटर, पण मधल्या घाटात चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मुंबईहून आलेलं इंजिन एकट्याने ते ओझं ओढू शकत नाही. म्हणून गाडी कर्जतला थांबते आणि मागून तिला दोन-तीन इंजिनं लागतात, तेच बँकर. मागूनच का, हे मला काकांनीच एकदा सांगितलं होतं. सगळा जोर पुढून लावला तर डब्यांमधल्या सांध्यांवर ताण येतो. एखादा सांधा तुटलाच तर मागचे डबे उताराने सुटतात. मागून ढकललं की तो धोका टळतो. आता काका पुढे म्हणाले, "आणि लोणावळ्याला गाडी पोचली की बँकर सोडतात. तो खाली येतो, दुसऱ्या गाडीला लागतो. सोडलाच नाही, तर पुण्यापर्यंत फुकट ढकलत बसेल. तुझा चहा रात्री नऊला काय ढकलतोय?"

त्यांनी हे सहज म्हटलं, पण तेव्हापासून माझी अडीचची वेळ बदलली. पेंग ही आपल्यातली काहीतरी खोट आहे, असं मला आधी वाटायचं. आळस, वय, रक्त कमी, काहीतरी. आता ती दिवसाच्या वाटेतला घाट वाटू लागली. घाट लागला म्हणून कुठली गाडी खजील होत नाही. मार्ग आखणाऱ्यांनाच तो ठाऊक असतो, म्हणून पायथ्याशी स्टेशन बांधलेलं असतं.

घाटाचं खापर मात्र आपण जेवणावर फोडतो, आणि आमच्याकडे जेवण म्हणजे भात. कर्जतमध्ये भाताबद्दल वाईट बोलणं सोपं नाही. इथल्या भात संशोधन केंद्राचं काम 1919 पासून चालू आहे. ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. 'कर्जत' हे नाव आणि पुढे आकडा लावलेली भाताची वाणं कोकणभर पेरली जातात. सह्याद्री हे संकरित वाणही इथलंच. भात निघाला की त्याच ओलीवर वाल टाकायचा आणि थंडीत त्याचं बिरडं करायचं, हा या भागाचा जुना क्रम. वाफाळता भात, वर बिरडं, शेवटी ताकभात. एवढं झाल्यावर डोळे मिटले तर दोष भाताचा, असं कुणीही म्हणेल.

आणि थोडा दोष त्याचा असतोही. भाताचं भरपूर जेवण पेंग वाढवतं. पण पेंग आणणारं ते नाही. माझ्यापुरता याचा पुरावा हरतालिकेचा. एकादशीचा उपयोग नाही, कारण एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. हरतालिकेला मात्र पोटात अन्नाचा कण नसतो, आणि तरी अडीचला सगळ्या बायकांचे डोळे लागतात. पूजेच्या गप्पा हळूहळू विरळ होतात आणि मग नुसते पंख्याचे आवाज. झोपेचे अभ्यासकही तेच सांगतात: जेवण असो वा नसो, दिवसाच्या मध्यानंतर शरीराचा जागेपणाचा जोर थोडा ओसरतो आणि संध्याकाळकडे पुन्हा वाढतो. ही लय शरीराचीच. भात फक्त तिच्या मागे बसून तिला दुजोरा देतो.

ती लय कुठल्या घड्याळावर चालते, याचाही मी विचार करत बसते. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, आणि ती ठरलेली आहे बरंच पूर्वेकडचं रेखावृत्त धरून. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा कर्जतच्या सूर्याचे बारा वाजायला पस्तीसेक मिनिटं शिल्लक असतात. मुंबईने हा फरक बरीच वर्षं मानला नव्हता. देशात प्रमाणवेळ आली 1906 साली, पण मुंबई आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सांभाळून होती. एकाच शहरात रेल्वेचं घड्याळ एक वेळ दाखवायचं आणि दुसरं घड्याळ दुसरी. माझ्या अडीचला सूर्याच्या हिशेबाने दोनही वाजलेले नसतात. डबा बाराला उघडणाऱ्या कचेरीला याचं काही नसतं, पण शरीर बहुधा अजून त्या जुन्या मुंबईच्या वेळेवरच अडून बसलंय.

मीही काही वर्षं फोर्टातल्या कचेरीत जात होते. भिसेगावातून मुंबईला जायचं म्हणजे शंभर किलोमीटर. जायला दोन तासांहून जास्त, यायला तेवढेच. गावातल्या किती तरी घरांत दिवा पहाट व्हायच्या आधी लागतो. कुकरची शिट्टी, बादलीचा आवाज, मग गल्लीतून झपझप पावलं. अशा माणसाची दुपारची पेंग म्हणजे निव्वळ शरीराची लय नव्हे. पहाटे कापून घेतलेली रात्र ती दुपारी परत मागत असते. कचेरीत ती मागणी चहावाल्या पोराच्या किटलीने परतवून लावली जायची. मग संध्याकाळच्या लोकलीत सगळा हिशोब एकदम पुढे यायचा. खिडकीच्या गजाला डोकं टेकलेलं, शेजारणीच्या खांद्यावर डोकं कललेलं, मांडीवरची भाजीची जुडी अर्धवट निवडलेली. बदलापूरनंतर गर्दी ओसरते. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड. भिवपुरी गेलं की झोपलेली माणसं न सांगता आपोआप जागी होतात, पिशव्या आवळतात. झोपेतही कुणीतरी आत स्टेशनं मोजत असतं.

या बसल्या झोपेची दखल चरकसंहितेने घेतली आहे, हे मला मुद्रितं तपासताना कळलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. रात्रीचं जागरण शरीराला रूक्ष करतं आणि दिवसाची झोप स्निग्ध, असं सांगून झाल्यावर ग्रंथ तिसरी गोष्ट सांगतो. बसल्या बसल्या काढलेली डुलकी. ती रूक्षही नाही आणि कफ वाढवणारीही नाही. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या त्या ग्रंथकाराने लोकल पाहिली नव्हती, पण बसून पेंगणारा माणूस त्याने नीट पाहिला होता. दिवसा आडवं व्हायला त्याची सरसकट परवानगी नाही. उन्हाळ्यात रात्र लहान आणि शरीर कोरडं पडलेलं, म्हणून तेव्हा चालेल. एरवी म्हातारी माणसं, मुलं, आजारी. गाण्याने, अध्ययनाने, ओझं वाहण्याने, वाट चालण्याने थकलेले. या यादीत अध्ययन आहे हे मी दोनदा तपासून पाहिलं. मुद्रितशोधन त्यात बसतं, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला.

आजीकडे ग्रंथ नव्हता, पण पद्धत होती. दुपारी ती गादीवर कधी पडली नाही. सारवलेल्या जमिनीवर, उशीच्या जागी स्वतःचा हात. घोंगडीसुद्धा नको म्हणायची. थोड्याच वेळात हाताला मुंग्या यायच्या, पाठीला जमीन टोचायची आणि ती उठून बसायची, डोळ्यांना पाणी लावायची, पदराने तोंड पुसायची. तिची झोप कधीच अर्ध्या तासापुढे गेली नसावी. आम्ही मुलं गादीवर दोन तास झोपायचो आणि संध्याकाळी चिडचिडे, जड, कुठल्या गावात आहोत हे न कळणारे असे उठायचो. गाढ झोपेच्या तळाला पोचल्यावर कुणी हलवून उठवलं की ही जड अवस्था येते, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. लांबच्या पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना उड्डाणातच थोडं निजू देऊन नासाने एक प्रयोग केला होता. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि नंतर बरेच तरतरीत राहिले. आजीच्या हाताला मुंग्या यायला साधारण तेवढाच वेळ लागत असावा.

मी जमिनीवर पडून पाहते. फरशी गार लागते आणि बरं वाटतं, पण माझ्या हाताला मुंग्या येण्याआधी मोबाइल वाजतो. मग दुसरे उपाय. मातीच्या माठातलं पाणी मानेच्या मागे लावायचं. पाणी प्यायचं, कारण बऱ्याचदा झोप वाटते ती निम्मी तहान असते. जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक, एप्रिल-मेमध्ये पन्हं, एरवी कोकमाचं सरबत. आणि सगळ्यांत जड वाटणारा उपाय म्हणजे उठून बाहेर जायचं. घराच्या आतल्या अंधारात दुपार जास्त दाट होते. छत्री घेऊन उल्हास नदीच्या बाजूला चालत गेलं की पहिली शंभर पावलं पाय ओढावे लागतात. मग उजेड डोळ्यांत शिरतो, घाम येतो, कुणीतरी "एवढ्या उन्हात कुठे?" विचारतं, आणि त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे शोधता शोधता झोप गेलेली असते. "झोप घालवायला" असं खरं उत्तर एकदा दिलं होतं. विचारणाऱ्या बाईने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की पुन्हा दिलं नाही.

तिचं बरोबर होतं. झोप आलेली असताना आणि निजायला जागा असताना ती घालवायची, हे श्रम ज्याला परवडतात त्याने करावेत. नदीकाठून परतताना एका बाजूला माथेरानचे डोंगर दिसतात, दुसऱ्या बाजूला बोरघाटाची भिंत. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढला आणि तिथल्या गार हवेला भुलला. मग बंगले झाले, वाटा झाल्या, 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडीही वर जाऊ लागली. ज्यांना इथली दुपार टाळता येत होती, ते डोंगरावर गेले. मॅलेट चढला त्याच, 1850 च्या दशकात समोरच्या घाटात रेल्वेचं काम सुरू झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये, इथे आल्यावर थोड्याच काळात, वारला. त्याच्या मागे त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुरं करून घेतलं. एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर त्या कड्यांवर होते. सुरुंग, कॉलरा, पाऊस, ऊन. 1863 मध्ये गाडी घाट चढली. त्या मजुरांनी अडीच वाजता काय केलं, हे कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही. दोराने लोंबकळत कातळाला भोक पाडणाऱ्या माणसाची पेंग ही त्याची खासगी गोष्ट नसते. ती त्याचा जीव असते.

दुपारशी लढायचं, हा विचारच मुळात कुणाचा, असं मग वाटू लागतं. गोव्यात दुकानाची फळी दुपारी खाली येते आणि कुणाला वाईट वाटत नाही. पुण्याच्या एक ते चारवर सगळा महाराष्ट्र विनोद करतो आणि मनातून थोडा हेवाही. आमच्या गल्लीत दुपारची मालकी बायकांची आहे. भांडी घासून झाली, पुरुष कामावर, पोरं शाळेत किंवा झोपलेली. आणि चारचं आधण अजून चढायचं आहे. हा दीड तास कुणाच्या वेळापत्रकात नसतो. ओट्यावर सुपं येतात. कुणी वाल सोलतं, कुणी तांदळातले खडे काढतं. चैत्र-वैशाखात पापड आणि कुरडया. हात कामात, तोंड गोष्टींत. मधेच एखादी भिंतीला टेकून निजते आणि तिच्या वाटचं सूप शेजारीण ओढून घेते. सकाळी कुणी बोलणार नाही असं काहीबाही तेव्हा बोललं जातं. कुणाचं माहेर, कुणाच्या सुनेचा अबोला, कुणाच्या छातीतली गाठ. आवाज आपोआप खाली आलेले असतात, आणि ऐकणाऱ्यांना उत्तर द्यायची घाई नसते. या वेळेला तरतरी हवी असं त्यांतल्या एकीनेही कधी म्हटलेलं मला आठवत नाही. पूर्ण जाग्या, चाणाक्ष माणसांसमोर या गोष्टी निघाल्या असत्या का, शंकाच आहे.

आणि जुलैत याच बायका शेतात असतात. लावणीच्या दिवसांत मी एकदा बांधावर उभी राहून आमच्या मावशींना विचारलं होतं. दुपारचे अडीच, वर आभाळ गळतंय, इरल्यांच्या जागी आता निळे प्लास्टिकचे कागद आलेत, पाठी वाकलेल्या, हातात रोपांच्या जुड्या.

"मावशी, या वेळी झोप नाही का हो येत?"

त्या सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुडघाभर चिखलात उभ्याने कोण झोपणार बाय? पडेन ना मी."

बाकीच्या खळखळून हसल्या आणि ओळ पुढे सरकली. पुस्तकं जे जे सांगतात ते सगळं त्या चिखलात होतं. उघड्यावरचा उजेड, गार पाणी, हलतं अंग, सोबत. पण तो उपाय म्हणून मला उचलता येणार नव्हता. त्यांचं जागेपण मजुरीचं होतं. माझी पेंग खुर्चीची. दोन्हींना दुपार हेच नाव असलं, म्हणून त्या एक होत नाहीत.

अलीकडे संध्याकाळकडे सोलापूरची वंदे भारत जाते. 2023 च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली तेव्हा काका मुद्दाम फलाटावर जाऊन आले. ती बँकर न घेता घाट चढते. तिला वेगळं इंजिनच नाही. निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत, जोर गाडीभर वाटलेला. मला अर्थातच मोह झाला. म्हटलं, काका, हेच तर. शेवटी एकदम धक्का द्यायचा नाही. जोर दिवसभर थोडा थोडा वाटून ठेवायचा. रात्रीची पुरी झोप, सकाळचा उजेड, बेताचं जेवण, पाणी, चालणं. मग अडीचला मागून काही लावायला नको.

काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

"चढायचं सगळे विचारतात," ते म्हणाले. "चढताना फार तर काय होईल? गाडी अडेल, थांबेल. आम्हाला भीती उतरायची. उतरताना वेग धरला की मग ब्रेक मारून उपयोग नाही." घाट उतरणाऱ्या गाडीला मध्ये ठरलेल्या जागी थांबावंच लागतं. रूळ तिथे आधीपासून एका बाजूच्या चढाकडे वळवून ठेवलेले असतात. गाडी ताब्यात आहे असं दिसलं तरच तिला सरळ वाट मिळते. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपली आपण थांबते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्या थांब्यावर त्यांना कंटाळा कधी आला नाही, असं ते म्हणाले. उभं राहायचं, ऐकायचं, मग निघायचं.

दिवसालाही उतार असतो, हे मी तोवर धरलंच नव्हतं. माझा सगळा विचार अडीचच्या चढाचा. रात्री अकरानंतर, शेवटच्या लोकलीतून उतरलेल्यांची पावलं मोजत पडताना, मी खरं तर घाट उतरायचा प्रयत्न करत होते, आणि मागून चारचा बँकर अजून ढकलत होता. दिवस कसा चढावा याचे सल्ले जिकडेतिकडे मिळतात. तो उतरावा कसा, कुठे थांबावं, वाट सरळ आहे हे कुणी सांगावं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

हे मी काकांना सांगत होते तेव्हा चार वाजत आले होते. ते उठले, आत गेले आणि त्यांनी गॅसवर पातेलं चढवलं. काकांना चारचा चहा लागतोच. भरपूर आलं, भरपूर साखर, रंग गडद. आणि रात्री दहाला ते घोरायला लागतात; मधली भिंत पातळ असल्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाचं यकृत कॅफीनचा निकाल झटपट लावतं, कुणाचं फायली दाबून बसतं. त्याला तत्त्वज्ञान लागू पडत नाही. माझी सगळी मांडणी त्यांच्या पातेल्यात उकळत होती.

"अर्धा तरी घेशील?" त्यांनी आतून विचारलं.

मी मनात हिशोब घातला. अर्ध्याचा अर्धा, रात्री नऊला. त्याचाही अर्धा, पहाटे दोनला. आकडा फार मोठा वाटत नव्हता. आल्याचा वास मात्र बाहेरपर्यंत आला होता, आणि कप दोन काढायचे की एक, हे विचारत काका दारात येऊन उभे होते.